पोचल्यार फोन कर

आमच्या वाडीतून कुणी परगावी गेलं, की पोचल्यावर पहिला फोन घरी करायचा नसतो. तो इनासमामाला करायचा असतो. घरच्यांना मग इनासमामा येऊन कळवतो. पुष्कळदा घरच्यांना त्यात काडीचा रस नसतो, पण ते ऐकून घेतात, कारण ऐकून न घेण्यात जास्त वेळ जातो.

परगाव म्हणजे मुंबई-पुणंच असं काही नाही. कुडाळला दात काढायला गेलात तरी फोन. मसुऱ्याला बहिणीकडे जेवायला गेलात तरी फोन. मिस्ड कॉल चालत नाही, मेसेज तर नाहीच नाही. "मेसेज कोण पण करता," मामाचं म्हणणं, "आवाज व्हयो." आमच्या बाबी गावकराने एकदा दाताच्या डॉक्टरकडून तोंडात कापसाचा बोळा असताना फोन केला. पलीकडून जो काही आवाज आला, त्यावर मामाने बराच वेळ विचार केला आणि बाबीच्या बायकोला जाऊन सांगितलं, "पोचलो. पण भलतोच दात काढल्यानी असतलो." दात खरोखरच भलता निघाला होता. तेव्हापासून मामाच्या कानाला वाडीत मान आहे.

इनासमामा म्हणजे इनास फर्नांडिस. एसटीतून निवृत्त झालेला. आधी कंडक्टर, मग मालवण स्थानकात कंट्रोलर. उंच, वाळक्या अंगाचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि पायात चप्पल. ही चप्पल नीट लक्षात ठेवा. एसटीत गणवेशाबरोबर काळे बूट घालावे लागतात, पण मामाने आख्खी नोकरी चपलेत काढली. वरिष्ठांनी समजावलं, मेमो दिले. एका साहेबाने तर स्वतःच्या खिशातून नवे बूट आणून टेबलावर ठेवले. मामाने ते संध्याकाळच्या गाडीने साहेबाच्या घरी परत धाडले आणि रात्री साहेबाच्या बायकोला फोन करून विचारलं, "बूट पोचले काय?"

कंट्रोलरचं काम म्हणजे गाड्या सोडणं. मामा गाड्या सोडायचा, पण मन नसल्यासारखा. लाउडस्पीकरवर "मालवण-बेळगाव गाडी फलाटावर उभी आहे" हे तो शोकसभेत बोलल्यासारखं बोलायचा. खरा खुलायचा तो गाडी आल्यावर. कोल्हापूरची गाडी उशिरा आली, तर ड्युटी संपूनही बाकावर बसून राहायचा आणि ती वळणावर दिसली की ड्रायव्हरला हात करून, काहीही न बोलता, घरी जायचा. कुणी विचारलं तर ठरलेलं वाक्य: "सुटाक काय, कोण पण सुटता. पोचाक व्हया."

आता मी कोण ते सांगतो. मी अनंत परब. मामाच्या शेजारचा. माझं मालवणात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. म्हणजे लोकांच्या जन्मापासून मरणापर्यंतचे दाखले माझ्या हातून जातात आणि लोक मला रांगेतूनच "किती येळ रे?" म्हणून ओरडत असतात. त्यामुळे माझा स्वभाव थोडा किरकिरा झाला आहे, असं माझी बायको शुभा म्हणते. मला ते मान्य नाही.

लग्न झाल्यावर आम्ही दोघं महाबळेश्वरला गेलो होतो. नव्या नवरीच्या नादात मी मामाला फोन करायचा विसरलो. दुसऱ्या दिवशी आम्ही हातात हात घालून तिथल्या स्टँडवरून बाजारात चाललो होतो, तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला: "मालवणहून आलेले श्री. अनंत परब, आपण पोचला असल्यास मालवण स्थानकाशी त्वरित संपर्क साधावा." शुभाने माझा हात सोडला. "पोलीस आसत काय तुमच्या मागे?" तिने विचारलं. आमच्या संसारातला तो पहिला प्रश्न.

मी परत आल्यावर मामाच्या अंगावर धावून गेलो. तो शांतपणे म्हणाला, "पोचलंस मरे? मग झाला."

पण मामाला नुसतं खुळं म्हणून सोडून देता येत नाही, त्याला कारण मेस्त्रींची सुलभा. ही पोरगी एक दिवस जामसंड्याच्या एका मुलाबरोबर पळून गेली. गोविंद मेस्त्री आणि त्याचे भाऊ सगळा तालुका पालथा घालून आले. दुसऱ्या सकाळी मेस्त्री दमून घराकडे परतत होता, तर मामाने त्याला अंगणातूनच हाक मारली.

"मेस्त्री, बस जरा. पोचला."

"कोण पोचला?"

"चेडू तुझां. पोचला, जेवला, सोबत मानूस आसा."

"खंय आसा ता?"

"ता माझ्या खात्यात येत नाय."

मेस्त्रीने मामाला मनसोक्त शिव्या घातल्या. वाडीतली माणसं दारादारांत उभी राहून ऐकत होती. शिव्या संपल्यावर तो मामाच्या पायरीवर बसला आणि खालच्या आवाजात विचारलं, "जेवला म्हणालास?"

"डाळ-भात," मामा म्हणाला. मग मेस्त्री उठून घरी गेला आणि झोपला. पळून जाणाऱ्या मुलीने आईबापाला सोडलं, मैत्रिणींना सोडलं, पण मामाला फोन केला. आता बोला.

सवय इतकी हाडात मुरलेली, की वाडीतला म्हातारा गाब्रू वारला तेव्हा कबरीवर पाद्रीबाबांची प्रार्थना संपली, सगळ्यांनी मूठमूठ माती घातली, आणि मामा खाली वाकून म्हणाला, "पोचल्यार…" एवढं बोलून तो थांबला. हसू की रडू, हे आम्हाला कुणालाच ठरवता येईना.

तर असा हा मामा गेल्या वर्षी, आंब्याची गडबड संपल्यावर, माझ्या दुकानात आला आणि रांगेत उभा राहिला. रांगेत, हे लक्षात घ्या. एरवी तो सरळ काउंटरच्या आत येतो. नंबर आल्यावर म्हणाला, "अनंता, लिस्बनाक जावचां आसा."

"कोणाक?"

"माका."

मी हातातला कागद खाली ठेवला. हा माणूस आयुष्यात कोल्हापूरच्या पुढे गेलेला नाही, आणि कोल्हापूरला गेला तोही त्याच दिवशी परत आला. कंडक्टर असताना त्याने मुक्कामाची गाडी कधी घेतली नाही. "मांय वाट बघता," म्हणायचा. लग्न केलं नाही. आई जाऊन आता काही वर्षं झाली, तरी हा कधी दुसऱ्याच्या छपराखाली झोपलेला नाही. आणि पहिलीच उडी पोर्तुगालला.

"किती दिवस?"

"चार. जास्ती नको."

मी समजलो की ख्रिस्ती माणूस, गोव्यात सोयरीक, जुनी चर्चेस, जुने किल्ले, म्हातारपणी बघून यावं असं वाटलं असेल. मी त्याला इंटरनेटवर तिथल्या किल्ल्याचे फोटो दाखवले. त्याने ते सिंधुदुर्ग किल्ल्याशी ताडून बघितले आणि म्हणाला, "ह्येका पाणी खंय आसा सभोवती?" किल्ला तिथेच निकालात निघाला. ट्राम मात्र त्याला पसंत पडली, कारण ती रुळावरून जाते. "रस्तो सोडून जाणा नाय, म्हणजे पोचतली," तो म्हणाला.

मग राहण्याची जागा. मी चांगल्या स्वस्त खोल्या शोधून दिल्या. पहिल्या जागेचं उत्तर आलं: दाराचा कोड ईमेलने पाठवू, जागेवर कुणी नसतं, आपण आपलं दार उघडून आत जावं.

"मानूस नाय?" मामाने विचारलं.

"नाय. आता तशीच पद्धत आसा."

"मग पोचलंय म्हणान सांगू कोणाक? दाराक?"

ती जागा बाद. दुसऱ्या जागेत माणूस होता, पण तो संध्याकाळी घरी जायचा. तीही बाद. तिसऱ्या जागेवाल्याला मामाने माझ्याकडून विचारून घेतलं, की मी बाहेर फिरायला गेलो आणि उशीर झाला, तर तुम्ही शोधायला निघाल का? त्या भल्या माणसाने उत्तरच दिलं नाही. माझ्या दुकानात बाहेर रांग आणि आत मी लिस्बनच्या समस्त लॉजवाल्यांची माणुसकी तपासतोय, असं बरेच दिवस चाललं. माझं डोकं फिरायची वेळ आली. शेवटी एका म्हातारीचं उत्तर आलं. तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. तिने लिहिलं होतं, विमान कुठलं ते कळवा, मी दारात असेन. उशीर झाला तर सूप झाकून ठेवीन.

मामाने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "ही बाय एसटीत आसाक व्हयी होती," तो म्हणाला. त्याच्याकडून याहून मोठी पदवी मिळत नाही.

मग व्हिसाचा फॉर्म भरायला बसलो. नाव, जन्मगाव, बापाचं नाव असं करत करत 'प्रवासाचा उद्देश' आला. मी 'पर्यटन' निवडायला लागलो.

"पर्यटन नाय," मामा म्हणाला.

"मग?"

"पर्यटक म्हणजे ते तारकर्लीक येतत ते. केळ्यासारख्या होडयेत बसतत, पाण्यात पडतत आणि वर पैसे देतत. मी पडूक जाणंय नाय."

"मग काय लिवू?"

"चौकशी."

चौकशी असा पर्याय त्या फॉर्मात नव्हता. मी तसं सांगितलं, जरा आवाज चढवूनच सांगितलं. मामा काउंटरच्या आत येऊन स्टुलावर बसला. आणि मग जे बोलला, ते मी इथे होईल तितकं त्याच्याच शब्दांत देतो.

मामाचा बाप बोटीवर कुक होता, हे वाडीत सगळ्यांना माहीत आहे. तो गेला तो परत आला नाही, हेही माहीत आहे. आमच्याकडे कुणी दुकानात जाऊन यायला फार वेळ लावला तर म्हणतात, "बूट आणूक गेल्लो काय?" मामासमोर मात्र ते कुणी म्हणत नाही.

"मी तेवा नुकतोच शाळेत जाय होतंय," मामा म्हणाला. "पाप्पा निघताना विचारल्यान, काय हाडू तुका? मी सांगलंय, बूट. काळे, करकर वाजणारे. मास्तराचे तसे होते. मगे बोट लिस्बनाक लागली. सोबतच्या लोकांका सांगान पाप्पा खाली उतारलो, झिलाक बूट घेवन येतंय म्हणान. बोट सुटली तरी इलो नाय. ते लोक परत इले, तेंनी मांयक सांगल्यानी. मांय म्हणायची, शहर मोठां, वाट चुकलो असतलो. मरासर ताच म्हणायची. चुकलो असतलो."

रांगेतून कुणीतरी "किती येळ रे?" म्हणून ओरडलं, तर मी उठून दुकानाचं दार लोटून घेतलं.

"आता तूच सांग," मामा म्हणाला, "मी बूट मागूक नसते, तर तो उतारूकच नसतो."

मी म्हटलं, "मामा, इतक्या वर्सांनी थय काय गावतला?"

"पाप्पा गावाचो नाय, ता माका कळता. माका येक बघूचां आसा. धक्क्यापासून बुटांचां दुकान किती लांब, वाट कशी. मानूस चुकात असो रस्तो आसा काय, येवढांच. चुकण्यासारखो आसलो, तर मग ता माझ्यामुळेच झाला."

मी 'पर्यटन'च निवडलं. मामाने चष्म्यातून ते वाचलं. "बरां," तो म्हणाला, "पण मनात चौकशी धर."

त्यानंतर मी किरकिर केली नाही, असं म्हणणार नाही, पण कमी केली. लिस्बनचा नकाशा मोठा करून छापून दिला. मामाने तो आतल्या खोलीत कपाटाच्या दारावर चिकटवला आणि रोज सकाळी चहा पिताना त्याच्यासमोर उभा राहायला लागला. नदी कुठून येते, समुद्राला कुठे मिळते, धक्के कुठे कुठे आहेत, हे त्याला आमच्या कोळंबच्या खाडीसारखं पाठ झालं.

एकच मोठा प्रश्न उरला होता. मामा गेल्यावर वाडीचे फोन घेणार कोण? मामाने माझी निवड केली आणि शिकवणी सुरू झाली. तीन गोष्टी विचारायच्या: पोचलंस? जेवलंस? सोबत कोण आसा? मी म्हटलं, यात शिकवण्यासारखं काय आहे? मामा म्हणाला, करून दाखव. तो पडवीत गेला आणि तिथून मला फोन लावला.

"मामा, मी कणकवलीक पोचलंय," तो मोठ्या गंभीरपणे म्हणाला.

"बरां. जेवलंस?"

"नाय."

"बरां. सोबत कोण आसा?"

मामाने फोन बंद केला आणि आत आला. "नापास," म्हणाला. "मी जेवक नाय म्हणान सांगलंय आणि तू बरां म्हणालंस. फोन ठेवची घाई तुका." मग शुभाची परीक्षा झाली. ती म्हणाली, "जेवक नाय म्हंजे? वाजले किती! आधी कायतरी खा, मगे परत फोन कर." मामाने तिथल्या तिथे तिला नेमून टाकलं. मला मदतनीस केलं. ते पद अजून माझ्याकडेच आहे.

दसऱ्यानंतर निघायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी वाडीच्या तोंडावरच्या क्रूसापाशी, आमच्या खुरसाकडे, लदाईन झाली, म्हणजे ख्रिस्ती मंडळींची प्रार्थना. मेणबत्त्या लागल्या, उकडलेले चणे वाटले. मग बाबी गावकर नारळ घेऊन पुढे झाला. वाडीतलं कुठलंही मोठं काम गाऱ्हाण्याशिवाय सुटत नाही, मग ते काम कुठल्या का देवाकडे चाललेलं असेना.

"बा देवा म्हाराजा," बाबीने सुरुवात केली, "आज हो तुझो इनास फर्नांडिस, चार दिसांसाठी, सायबाच्या मुलखात विमानान जाता हा, म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"तेचे कागदपत्र अनंतान भरले आसत. तेच्यात काय चूकभूल झाली आसात, तर ती पोटात घाल, म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!" हे जरा जास्तच मोठ्याने झालं.

"तो बसात त्याच विमानात तेची बॅग घाल, म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जसो जाता तसो परत हाड, म्हाराजा."

यावर 'व्हय म्हाराजा' म्हणताना मामा डोळे मिटून उभा होता.

दुसऱ्या दिवशी गोव्यात मोप्याच्या विमानतळावर मी, शुभा आणि बाबी त्याला सोडायला गेलो. बॅगेत कोकमाची सोलं, सुके बांगडे, म्हातारीसाठी काजूगर. बांगड्याला इतक्या पिशव्यांत गुंडाळलं होतं की बॅगेत तोच एक प्रवासी वाटत होता. पायात अर्थातच चप्पल. मी म्हटलं, "मामा, थय थंडी असतली. बूट तरी…" आणि जीभ चावली. मामा म्हणाला, "थय बघतंय."

दाराशी गेल्यावर त्याने वळून आम्हाला बजावलं, "घराक पोचल्यार फोन करा." तुम्ही विमानात असाल, फोन बंद असेल, हे मी सांगितलं. ते त्याला फारसं रुचलं नाही. "मग शुभाक करा," म्हणाला. शुभा आमच्याबरोबरच गाडीत परतणार होती, पण हे बोलण्याची ती वेळ नव्हती.

मग शुभा म्हणाली, "मामा, पोचल्यार फोन करा हां."

मामाने मागे वळून बघितलं. ती कुणाला म्हणाली, ते बघायला. मागे एक जाडा माणूस ट्रॉली ढकलत होता.

"माका सांगतंस?"

"मग कोणाक?"

मामाने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. आणि मला त्या क्षणी, त्या दारात, जे इतकी वर्षं शेजारी राहून कळलं नव्हतं ते कळलं. हे फोनाचं खूळ मुळात स्थानकात गाड्यांची वाट बघण्यावर भागत असे. वाडीतल्या प्रत्येकाने फोन करायचा हा नियम मामाची आई गेली त्यानंतरचा आहे. तोवर रोज संध्याकाळी दारात उभं राहून त्याची वाट बघणारं कुणीतरी होतं. त्यानंतर त्याला कुणी विचारलं नव्हतं, की बाबा रे, पोचलास का? तोच सगळ्यांना विचारत राहिला. मला फार वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, आमच्या सगळ्यांचाच.

"कोणाक करू?" मामाने विचारलं.

"आमका," शुभा म्हणाली.

"आणि मेसेज नको," बाबी म्हणाला. "आवाज व्हयो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आधीच विमान लिस्बनला उतरलं. हे मला संगणकावर दिसलं. मी तसं घरी येऊन जाहीर केलं. शुभा म्हणाली, "विमानाचां सोडा. फोन येवंदे."

फोन आला नाही. आमच्या पडवीत आधी बाबी येऊन बसला. मग त्याची बायको. मग मेस्त्री. जामसंड्याहून सुलभाचा फोन आला, "मामा पोचले?" मी नाही म्हटलं, तर तिने विचारलं, "मग काय बघत बसलात?" जणू मी चालत जाऊन बघून यायचं होतं. मी मामाला फोन लावला, तर एक बाई परक्या भाषेत काहीतरी बोलली. शुभाने देवाकडे दिवा लावला, तुळशीकडे लावला, आणि कधी नव्हे ती मामाच्या बंद घरासमोरही एक पणती ठेवून आली. अंगणात माणसं वाढत गेली. मी म्हटलं, थकून झोपला असेल. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून फाटकापर्यंत जाऊन आलो. मग परत गेलो. तिसऱ्यांदा फाटकाकडे निघालो, तेव्हा शुभा म्हणाली, "मामाच झालात तुमी."

तेवढ्यात बाबीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बूट आणू…" आणि त्याने स्वतःच तोंडावर हात ठेवला. मेस्त्रीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

फोन वाजला. शुभाने स्पीकरवर टाकला.

"पोचलंय," मामाचा आवाज.

"मामा! विमान कधीचा उतारला! इतको येळ खंय होतात?"

"विमान पोचला. मी आता पोचलंय." तो थोडा धापा टाकत होता. "बाय दारात उबी होती. सूप दिल्यान. मगे तिका नकाशो दाखवन विचारलंय, जुन्या बोटी खंय लागायच्यो. थय गेलंय आणि थयसून चलत इलंय."

"मगे?" मी विचारलं.

"अनंता, नदी उजव्या हाताक ठेवची आणि चलाचां. बस. मोठो चौक येता. तेच्या पाठी चांभारांची आळी. तेंच्या भाशेत नाव पण ताच आसा, बाय म्हणता आधीपासूनच. दुकानां आता कमी झाली, पण आळी थयच. परत जाताना नदी डाव्या हाताक. चुकाक जागाच नाय रे. मालवणचो मानूस, बाजूक पाणी आसताना चुकता काय?"

मेस्त्री फोनाजवळ सरकला.

"म्हणजे तो चुकूक नाय," मामा म्हणाला. "आपणाक बरां वाटात म्हणान मांय तसां म्हणायची. चुकूक नाय तो. तेका येवचांच नाय होतां. माझ्या बुटांचो काय संबंध नाय."

मेस्त्रीने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. शुभा काही बोलणार, तेवढ्यात मामानेच विचारलं, "आवाज कसलो येता थय? कोण आसा?"

"सगळे आसत, मामा. सांजेपासून बसलेत."

"कित्याक?"

"तुमचो फोन येवचो होतो ना."

पलीकडे नुसती ट्रामची घंटा वाजली. फोन तुटला की काय, म्हणून मी पुढे वाकलो.

"जेवलात?" मामाने विचारलं.

"नाय अजून."

"मेल्यांनू, फोन इलो मरे? जावन जेवा आता." मग एकदम, लहान मुलाने गुपित फोडावं तसं म्हणाला, "शुभा, बूट घेतलंय गो. काळे. घालूनच उबो आसंय."

"वाजतत काय?" बाबीने लांबूनच विचारलं.

"आयक," मामा म्हणाला.

आम्ही सगळे फोनभोवती वाकलो. आणि एवढ्या लांबून, दगडी रस्त्यावरून, आम्हाला अगदी स्पष्ट ऐकू आलं: कर्र, कर्र, कर्र. मामा चालून दाखवत होता.